खारट औषध, अळणी नवस

“दवाखान्याची बाटली घरात आली अन् माझा माणूस गेला वो बाई.”

खिडकीबाहेरच्या रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती. मी आत मापातून औषध ओतत होते. माझा हात थांबला, कारण ती बाटली त्या क्षणी माझ्याच हातात होती. आणि बाटली ज्याच्या नावाची, तो तिचा माणूस मला खिडकीतून समोरच्या निंबाखाली बसलेला दिसत होता. न पेटवलेली विडी त्याने बोटांत धरली होती. चांगला जिवंत होता.

दुसरी बाई वळून बघत म्हणाली, “तो तर बसून राहिला ना तिथं.”

“बसूनच राहते. दिवसा बसते, राती भितीकडे तोंड करून निजते. पयले असा नोता.”

दुसरी तोंडाला पदर लावून हसली. पहिली हसली नाही. मी बाटलीला बूच लावलं, “मंसाराम” असं नाव पुकारलं आणि नेहमीसारखी मान वर न करता बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली. त्याची बायको सगुणा ती घेऊन गेली.

या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी लिहिलं होतं, की बाई कंपाउंडर फारशा नसतात, तेव्हा तुमचे अनुभव पाठवा, गमतीदार असल्यास उत्तम. या हकिकतीत गंमत आहे. मला ती फार उशिरा दिसली, एवढंच. विषयही दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याचा नाही. पण पाच वर्षांत मी एकच गोष्ट अशी केली जी सांगावीशी वाटते, आणि ती नेमकी या विषयातली आहे. त्याला माझा इलाज नाही.

आमचा दवाखाना नवेगाव बांधच्या मोठ्या तलावापासून कोसभरावर आहे. डॉक्टर एक, मी एक. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी ती वाचून औषध तोलते, पाण्यात विरघळवते, गाळते आणि बाटलीत भरते. लोक बाटल्या घरून आणतात. तेलाच्या, अत्तराच्या, मोहाच्या दारूच्यासुद्धा. दारूची बाटली तीनदा धुवावी लागते. मग कागदाची एक पट्टी घडी घालून कातरायची, म्हणजे तिला करवतीसारखे दात पडतात. ती बाटलीला उभी चिकटवायची. एक दात म्हणजे एक वेळचं औषध. वाचता न येणाऱ्यालाही दात मोजता येतात. रंगाचीही काळजी घ्यावी लागते. पांढरं औषध म्हणजे पाणी, असा इथला समज, म्हणून आम्ही जळकी साखर घालून ते तांबूस करतो. चवीचंही तसंच. एका म्हातारीने तापाची बाटली परत आणून दिली होती. “गोड दवाईनं कुठं ताप जाते का?” असं तिने मला विचारलं. दुसऱ्या दिवशी तेच औषध मी चिरायता घालून कडू करून दिलं आणि तिचा ताप गेला.

माझे वडील गोंदियाच्या स्टेशनात तारबाबू होते. त्यांनी मला नागपूरच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. वडील गेल्यावर शिक्षण अर्ध्यात थांबलं. डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, त्यांनी मला हे काम शिकवलं. मला काम आवडलं त्याचं खरं कारण ती खिडकी. दीड हात लांब, एक हात उंच. तिच्यातून फक्त हात आत येतात. मी माणसं हातांवरून ओळखू लागले आणि कुणाशी फारसं बोलावं लागलं नाही. घरी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी अशी माझी वाढ. इथली झाडीबोली कानांना वळायला वर्ष गेलं. तोंडात तर ती आलीच नव्हती. गावातल्या बाया म्हणत, “कंपाउंडरीनबाई मुकी आहे का गा?” डॉक्टर सांगत, “नाही, ती मोजते आहे.”

मंसारामचे हात मी लांबून ओळखत असे. तो ढिवर; तलावात मासे धरायचे आणि शिंगाडे काढायचे हा त्याचा धंदा. जाळ्याच्या दोरीचे वळ दोन्ही तळव्यांवर होते. त्याला फेफऱ्याचे झटके येत. एकदा डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, असतानाच झटका आला आणि तो पाण्यात गेला. शेजारच्या डोंग्यातल्यांनी त्याला जाळं टाकून ओढला, माशासारखा. तेव्हा त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सगुणा ओल्या लुगड्याने त्याच्यासोबत दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी त्याला ब्रोमाइड सुरू केलं.

ब्रोमाइड म्हणजे पांढरे खडे, हुबेहूब मिठासारखे. चवही खारट. ते मेंदूचा भडका निववतं. मंसारामला महिन्यातून दोन-तीन झटके यायचे ते थांबले. डॉक्टरांना या रोग्याचा फार अभिमान. कुणी साहेब तपासणीला आला की मंसारामचं पान उघडून दाखवत. डॉक्टर झटके मोजत. शून्य आलं की पान उलटत. मीही तेच करत होते.

बायकोचं ते बोलणं ऐकण्याच्या चार महिने आधी मंसारामचा हात खिडकीतून आत आला आणि बाटली फळीवर ठेवून तिथेच थांबला.

“बाई, या दवाईत मीठ आहे का?”

“काऊन?” मी विचारलं. हा माझ्या तोंडून बाहेर पडलेला पहिला झाडीबोली शब्द.

“खारट लागते. अन् मायनं मले मीठ सोडवलं आहे. पारेवरच्या मातेचा नवस. सारंच अळणी खातो, सगुना बी खाते. दवाईत मीठ असन तर नवस मोडते ना.”

तलावाच्या बांधाला इथे पार म्हणतात. त्या पारेवर ढिवरांची माता आहे. नवस कशाचा, हे विचारणं साधी गोष्ट होती. मी विचारलं नाही. मला रसायनशास्त्रात शाळेत पहिलं बक्षीस मिळालेलं, त्यामुळे प्रश्नाचा जेवढा भाग मला येत होता तेवढ्याचंच उत्तर दिलं.

“मीठ नाही त्यात. दिसतं मिठासारखं, लागतं मिठासारखं, पण मीठ नाही. निर्धास्त घ्या.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंग ठीक,” असं म्हणून तो समाधानाने गेला. मलाही समाधान वाटलं. इतकं बरोबर आणि इतकं चुकीचं उत्तर मी कुणाला दिलेलं नाही.

पुढच्या महिन्यांत तो हात बदलला. मनगटावर पुटकुळ्या आल्या. बाटली उचलताना तो चाचपडे. बोलणं जड झालं, जणू प्रत्येक शब्द चिखलातून काढतो आहे. मी हे सगळं पाहिलं. पावसाळी हवा आहे, असं मनाशी म्हटलं.

आणि मग सगुणाचं ते वाक्य कानावर आलं. बाटली आली अन् माणूस गेला. तिने दोन्ही गोष्टी एका दमात जोडल्या होत्या, आणि बाटली तर माझी होती.

त्या दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेल्यावर मी त्यांच्या कपाटातलं औषधांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. आमच्या शाळेत शरीरशास्त्राच्या पुस्तकातली काही पानं टाचणीने एकमेकांना टाचलेली असत. टाचणी काढायची नाही, हा नियम. मी कधी काढली नाही. डॉक्टरांच्या पुस्तकाला टाचण्या नव्हत्या, तरी मी इतकी वर्षं ती पानं दोन बोटांनी एकदम उलटत आले होते. त्या दिवशी उलटली नाहीत.

तिथे सरळ लिहिलं होतं की ब्रोमाइड झटक्यांबरोबर पुरुषाची ती शक्तीही निववतं. दोन पानांनंतर दुसरी गोष्ट होती. शरीर मीठ आणि ब्रोमाइड यांत फारसा भेद करत नाही. माणूस मीठ खात असला की जुनं ब्रोमाइड लघवीवाटे बाहेर पडत राहतं. मीठ बंद केलं की शरीर मिठाच्या जागी ब्रोमाइडच धरून ठेवतं. मग रोजचे तेच तीन दात अंगात साचत जातात.

मी पुस्तक मिटून बसले. आता नवस कशाचा होता ते मला न विचारता कळलं. आधी बाटलीने त्याची शक्ती गेली. ती परत यावी, घरात पोर व्हावं, म्हणून आईने मीठ सोडवलं. मीठ सोडल्याने बाटली अंगात साचली आणि उरलंसुरलं तेही गेलं. नवस जितका निष्ठेने पाळला तितका तो खोल गेला. आणि त्याने मध्येच शंका काढली तेव्हा मी खिडकीतून “निर्धास्त” म्हटलं होतं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मलाही ते नवीन होतं. पुरुषाची ही बाब दंडातल्या बळाची आहे असं सगळे समजतात. तशी ती नाही. मेंदूतून निरोप निघतो, पाठीच्या कण्यातून नसांवाटे खाली जातो, आणि मग रक्त तिकडे धावतं. वडील स्टेशनात बसत तेव्हा मी पाहिलं आहे. तार शाबूत असते, खांब उभे असतात, पण यंत्रावरचा माणूस पेंगला तर गोंदियाचा निरोप शेजारच्या आमगावलासुद्धा पोचत नाही. ब्रोमाइड त्या माणसाला पेंगवतं. अफूही तेच करते. आमच्याकडे एक दिवाणजी येत. रांग संपली की भिंतीकडे बघत मला विचारत, “ताकदीचं काही आहे?” त्यांच्या बंडीच्या खिशात अफूची डबी असे. डॉक्टर त्यांना म्हणत, “दिवाणजी, एक बैल पुढे जुंपलात आणि एक मागे. गाडी कशी हलेल?” याउलट कुचला. त्याची झाडं आपल्या जंगलात आहेत. तो नसांना चाबूक मारतो, म्हणून गावोगाव मर्दानी पुड्यांत तो घालतात. चाबूक जरा जास्त झाला की माणूस धनुष्यासारखा ताठून मरतो, आणि फेफऱ्याच्या रोग्याला तर तो विषच.

डॉक्टर परतले तेव्हा मी पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले.

“काय फुटलं?” त्यांनी विचारलं. कारण काही फुटलं, तरच मी आपणहून त्यांच्याकडे जात असे.

मी पान उघडून ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. “बरं मग? हे मला ठाऊक आहे.”

“मंसाराम,” मी म्हटलं.

“त्याला काय झालंय? वर्षभरात एक झटका नाही.”

मी दोन पानं उलटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “अळणी. चार महिने. नवस.”

त्यांनी चष्मा काढला. तो धोतराच्या सोग्याने पुसला. “एवढं झालं, आणि गाढवाने मला सांगितलं नाही?”

“तुम्ही फक्त झटके विचारता,” मी म्हणाले.

म्हणाले आणि घाबरले. डॉक्टरांशी असं कुणी बोलत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या अभिमानाच्या पानाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, “खरं आहे. शून्य आलं की मी पुढे जातो.” मग कागद ओढून लिहायला लागले. औषध एक तृतीयांश कमी. मीठ सुरू, पण आठवडाभर फक्त चिमूट, मग हळूहळू. एकदम भरपूर मीठ खाल्लं तर ब्रोमाइड भराभर धुऊन जाईल आणि झटके परत येतील. बाटली एकाएकी बंद केली तरी तेच, उलट जास्त जोराने. “बोलाव त्याला,” ते म्हणाले.

त्याला बोलावण्याआधीच दुसऱ्या दिवशी सगुणा आली. तिने भरलेली बाटली फळीवर ठेवली. एकही दात कमी झालेला नव्हता.

“तो घेत नाई आता. म्हनते, बाटली सोडतो अन् पयल्यासारखा होतो. बाजाराच्या दिवशी माझा भाऊ रेंगी घेऊन येऊन राहिला मले न्यायले. पंचांनी सोडचिठ्ठीले हो म्हटलं. दुसरं घर बी पाहून ठेवलं त्यानं.” सांगताना ती बाटलीचे दात नखाने खरवडत होती. “ह्याले वाटते, तीन दिवसांत सारं ठीक करून दाखवतो. सकाळपासून एकटाच तलावात आहे.”

रेंगी म्हणजे बैलांची छोटी गाडी. बाजार तीन दिवसांवर होता.

“तुला जायचंय का?” मी विचारलं. इतका खासगी प्रश्न मी त्याआधी कुणालाच विचारला नव्हता.

“कायले जाऊ? मले तोच पायजे. पर एका घरात दोन लाकडं पडून राहिल्यावानी किती दिवस राहायचं वो बाई?”

कारण सांगायला मी तोंड उघडलं. मागे रांग होती, रांगेत पुरुष होते. जे सांगायचं त्यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हता. इंग्रजी शब्द मी कालच वाचला होता. मराठीत मला शिव्याच तेवढ्या ठाऊक होत्या, त्याही बाजारात ऐकलेल्या. शेवटी झटक्यांपुरतं बोलता आलं तेवढं बोलले. बाटली एकदम सोडायची नाही, निदान दिवसातून दोन दात पाज. एकट्याला पाण्यावर जाऊ देऊ नको. आणि बाजाराच्या दिवशी त्याला घेऊन ये, डॉक्टरसाहेबांनी बोलावलं आहे.

“तोवर मी बसीन डोंग्यात,” ती म्हणाली आणि बाटली परत घेऊन गेली.

ढिवरांच्या बाया जाळी विणतात, बाजारात मासे विकतात. मासे धरायच्या डोंग्यात बसत नाहीत. सगुणा तीन दिवस बसली. पारेवर उभे राहून लोक ओरडत, “मंसाराम, राखन कराले बायको आणली का गा?” त्याने तिला काठावर उतरवायचा प्रयत्न केला. तिने डोंग्याची कड सोडली नाही. “हसू दे,” म्हणाली. “तू बुडाल्यावर कोन हसते ते पाहू.” हे तिनेच मला पुढे सांगितलं.

बाजाराच्या दिवशी निंबाखाली रेंगी उभी होती. बैल सोडलेले नव्हते. सगुणाचा भाऊ दशरथ चाकाला टेकून उभा होता, आणि तिचं गाठोडं रेंगीत ठेवलेलं मला खिडकीतून दिसत होतं. रांगेत वीसेक माणसं असतील. सगुणा मंसारामला घेऊन आली, आणि त्यांच्या मागे काठी टेकत त्याची आई.

डॉक्टरांनी मंसारामला आत घेतलं. मध्ये नुसता पडदा होता. आमचे डॉक्टर पुण्याकडचे. अवघड विषय आला की त्यांची भाषा सोवळी नेसते.

“हे पाहा मंसाराम, या औषधाने मज्जातंतूंना शैथिल्य येतं. त्याचा परिणाम दांपत्यसुखावर होणं स्वाभाविक आहे. त्यात तुमचा दोष नाही. मात्र लवणवर्जन तेवढं बंद करा, क्रमाक्रमाने. समजलं?”

“हो साहेब,” मंसाराम म्हणाला. साहेबांपुढे सगळेच हो म्हणतात.

तो चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. या वेळी हातच नाही, सगळा चेहरा खिडकीत आला. “बाई, साहेब काय बोलून राहिले, मले काईच समजलं नाई. काहीतरी बंद कर म्हनले. बाटलीच ना?”

मागून दशरथ मोठ्याने म्हणाला, “बंदच कर गा आता. हिले मी नेतो. तू खा अळणी अन् बस निंबाखाली. नाईतर कुचला खा, नीट उभा राहशीन!”

रांग हसली. मंसाराम वळला नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी पडद्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याची जीभ बघायला घेतली होती. मी सगुणाकडे पाहिलं. माझ्या नजरेतला प्रश्न तिला कळला असावा.

“बोला बाई,” ती म्हणाली. “रोग तर साऱ्या गावाले माहीत आहे. औषध तेवढं कोनाले माहीत नाई.”

मंसारामची आई मध्येच म्हणाली, “पर माय, नवस नाई मोडाचा. माता कोपन.”

मी बोलले. काय बोलले ते लिहायचं इथे टाळते आहे, हे माझ्या ध्यानात आहे. आधी पुढचं सांगून घेते.

दशरथ रिकामी रेंगी घेऊन गेला. महिनाभराने परत येतो, असं धमकावून गेला. मी कागदाच्या पुडीत मोजून मीठ दिलं, रोजची एक चिमूट, बाटली दिली दातांच्या नव्या पट्टीची. पंधरवड्यात मनगटावरच्या पुटकुळ्या सुकू लागल्या. मग एक दिवस मंसारामने फळीवर बाटली ठेवताना आपणहून म्हटलं, “बाई, मले आता तुमचा आवाज जवळून ऐकू येते.” सहा-सात आठवड्यांनी सगुणा आली. तिने पळसाच्या पानात बांधलेले ओले शिंगाडे खिडकीतून आत सरकवले. तिच्याकडे पाहून मीच लाजले, आणि तेव्हा ती खूप हसली. चैत्रात मंसारामला एक झटका आला, पण तो काठावर जाळं वाळवत होता. डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलं. त्यांनी झटका विचारला आणि मग पडदा नीट ओढून घेऊन दुसरंही विचारलं. आता ते दरेक ब्रोमाइडच्या रोग्याला विचारतात. भाषा अजून सोवळीच आहे, पण विचारतात.

सगुणा अजून डोंग्यात बसते. आता तिच्या मांडीवर मुलगी असते. बारशाला दशरथ तीच रेंगी घेऊन आला होता. मंसारामची आई म्हणते मातेने ऐकलं. मी तिला विरोध केलेला नाही. दर नवरात्रात ती पारेवर मातेपुढे माझ्या नावाने नारळ फोडते. त्याचं कारण पुढे येईल.

सगळंच गोड झालं असं नाही. नंतर मी नोंदवहीची मागची पानं चाळली. माझ्या काळात तीन ब्रोमाइडचे रोगी औषध अर्ध्यात सोडून यायचे थांबले होते. त्यातला एक चिचगडकडचा, नुकतं लग्न झालेला. त्याच्या नावापुढे “आला नाही” एवढंच. ते माझ्याच अक्षरात आहे. का आला नाही, हे मला आता कळतं, आणि त्याला शोधायला माझ्याकडे गावाच्या नावापलीकडे काही नाही. तिकडून कुणी आलं की मी विचारते. अजून पत्ता लागलेला नाही, पण मी विचारणं सोडलेलं नाही.

आता ब्रोमाइडची बाटली भरली की तिच्या गळ्याला मी मिठाची एक छोटी पुडी दोऱ्याने बांधते. वाचता येत नाही त्यालाही ती दिसते. हातात देताना सांगते की मीठ सोडायचं नाही. आणि सांगताना मान वर करते.

तर त्या बाजाराच्या दिवशी वीस माणसं, एक रेंगी आणि एक म्हातारी यांच्यासमोर मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला येत असलेल्या सगळ्या भाषांपैकी तिथे कामाला आली ती मला सगळ्यात कमी येणारी. आवाज माझा मलाच परका वाटला, पण शेवटपर्यंत थांबला नाही. मी म्हणाले:

“मंसारामभाऊ, तुमी पयले होते तसेच मरद आहा. तुमचं अंग माझ्या बाटलीनं निजवलं, अन् तुमी मीठ सोडलं म्हनून ती बाटली अंगात साचून राहिली. बाटली कमी करू, बंद नाई करायची. आजपासून चिमूट चिमूट मीठ खा. अन् नवस कोनं मोडला असं मातेनं विचारलं, तर माझं नाव सांगा.”